म्यूनिकच्या जत्रेला जाताना

सप्टेंबरच्या उत्तरार्धातील एका शनिवारी, बरोबर दुपारी बाराच्या ठोक्याला, दक्षिण जर्मनीतील म्यूनिक शहराचा महापौर हातात लाकडी मोगरी घेऊन एका अवाढव्य मांडवात उभा राहतो. समोर बिअरचे लाकडी पिंप असते. मोगरीचे चार-दोन घाव घालून पिंपात तोटी ठोकून बसवायची, एवढेच त्याचे काम. परंतु ते किती घावांत साधले याची चर्चा दुसऱ्या दिवशी सगळ्या शहरात होते. तोटी बसली की बव्हेरियन बोलीत आरोळी उठते, ‘ओत्साप्फ्ट इस!’, म्हणजे पिंपाला तोटी लागली. पहिला पेला बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांच्या हाती जातो, बाहेर बारा बार उडतात आणि मगच इतर मांडवांतून बिअर वाहू लागते. त्यापूर्वी कोणालाही थेंबभर मिळत नाही. महापौरांनी पिंप उघडण्याचा हा पायंडा १९५० साली तेव्हाचे महापौर टोमास विमर यांनी पाडला.

त्या क्षणी मांडवात हजारो माणसे सकाळपासून कोरड्या घशाने बसलेली असतात. आणि बंद दाराबाहेर तितकीच माणसे उभी असतात. त्यांत हल्ली भारतीय विद्यार्थीही दिसतात. कोणी म्यूनिकमध्येच शिकत असतो, कोणी आखेनहून रात्रीच्या गाडीने आलेला असतो, एखाद्याचा बालमित्र खास पुण्याहून आलेला असतो. दुपारी बाराला पोहोचावे, सोहळा पाहावा, सायंकाळपर्यंत खावे-प्यावे आणि परतावे, असा त्यांचा बेत असतो. त्यांतले काहीच घडत नाही. दारावर ‘गर्दीमुळे बंद’ अशी पाटी लागते आणि सायंकाळपर्यंत मंडळी एका दारावरून दुसऱ्या दारावर हिंडत राहतात. दोष त्यांच्या उत्साहाचा नाही, समजुतीचा आहे. ही पिण्याची जत्रा आहे असे त्यांना वाटते. खरे पाहता ही बसण्याची जत्रा आहे. मांडवात ज्याला बाकावर जागा नाही, त्याला पेला नाही. उभ्या माणसाला वाढपीण विचारत नाही. जत्रेचे सगळे नियम या एका नियमातून निघतात.

या उत्सवाला जग ऑक्टोबरफेस्ट म्हणते. त्याचा आरंभ बिअरने झाला नाही, लग्नाने झाला. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचा विवाह झाला. त्या आनंदाप्रीत्यर्थ १७ ऑक्टोबरला शहराच्या वेशीबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत भरली. कुरणाला वधूचे नाव मिळाले, ‘टेरेझिएनवीझे’, म्हणजे टेरेझेचे कुरण. म्यूनिककर नुसते ‘वीझन’ म्हणतात. पुढच्याच वर्षी शर्यतीच्या जोडीला शेतकी प्रदर्शन आले. पाळणे, बिअरची दुकाने आणि मांडव मागाहून आले. शर्यत केव्हाच बंद पडली, बिअर राहिली; जत्रांचे असे होतेच. जिच्या लग्नाची ही जत्रा, ती टेरेझे १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत म्यूनिकमध्येच वारली आणि त्या वर्षी उत्सव रद्द झाला होता. अलीकडे २०२० आणि २०२१ या दोन वर्षीही महामारीमुळे कुरण ओस राहिले. उत्सवाचे नाव ऑक्टोबरचे असले, तरी उबदार हवेसाठी तो सप्टेंबरात ओढला गेला आहे. १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी त्याचा प्रारंभ होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास, सोळा ते अठरा दिवसांनी, तो संपतो. केवळ नावावर विसंबून ऑक्टोबरच्या मध्याची तिकिटे काढणाऱ्याला कुरणावर मांडव उतरवणारे कामगार तेवढे दिसतात.

आता जागेविषयी, कारण सगळी मेख तिथेच आहे. कुरणावर जायला पैसे पडत नाहीत. तिथे चौदा मोठे मांडव आणि वीसएक लहान मांडव असतात. मांडव म्हटले, तरी आत सहा-सात हजार माणसे बसतील अशी ती लाकडी सभागृहेच असतात. टेबल दहा जणांचे, दोन्ही बाजूंना पाठ नसलेली बाके. आरक्षण थेट त्या त्या मांडवाच्या मालकाकडे, काही महिने आधी करावे लागते. जागेचे वेगळे भाडे नसते, मात्र माणशी ठरावीक खाण्यापिण्याची कुपने आगाऊ घ्यावी लागतात. हीच आरक्षणे मधले दलाल अवाच्या सवा भावाने विकतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. दारात ते आरक्षण मानले जाईलच याचा भरवसा नसतो.

पण आरक्षण नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. काही जागा खुल्या ठेवण्याचे बंधन नगरपालिकेने मांडवमालकांवर घातले आहे. त्या मिळवायची युक्ती साधी आहे: सोमवार ते गुरुवारपैकी एखादा दिवस निवडावा आणि सकाळी अकराच्या आत मांडवात शिरावे. शनिवार टाळावा, जर्मन एकीकरणाचा दिवस म्हणून सुटी असलेला ३ ऑक्टोबरही टाळावा. टेबलावर चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती बसण्यापूर्वी वाचावी. पुष्कळ टेबले दुपारपर्यंत सर्वांना मोकळी आणि तिसऱ्या-चौथ्या प्रहरापासून राखीव असतात. ते न पाहता बसलेल्यांना भर रंगात उठावे लागते.

मंडळी किती असावीत? दहा-बारा जणांचा घोळका घेऊन जाणे ही हौस म्हणून ठीक, पण दहा रिकाम्या जागा एकत्र मिळत नाहीत. चार जण उत्तम. चार जणांना कोणत्याही टेबलाच्या टोकाला सरकून जागा करून देता येते, आणि म्यूनिककर ती करून देतात. ‘इथे जागा आहे का?’ एवढे जर्मन वाक्य पाठ असले तरी पुरे. अनोळखी टेबलावर बसायला संकोच वाटतो खरा, कारण हॉटेलात परक्याच्या टेबलाशी जाऊन बसणे भारतात शिष्टसंमत नाही. इथे उलट आहे. शेजारी एखादा सुतार, समोर निवृत्त शिक्षिका आणि तिची नातवंडे, पलीकडे इटलीहून आलेली जोडी, असे टेबल जमते आणि अर्ध्या तासात ओळखी होतात. या भावनेसाठी जर्मन भाषेत ‘गेम्युटलिखकाइट’ असा एक शब्द आहे. निवांतपणा, आपलेपणा आणि ऊब यांचे ते मिश्रण. वाद्यवृंद थोड्या थोड्या वेळाने ‘आइन प्रोसिट’ हे पेले उंचावण्याचे गाणे वाजवतो, सगळा मांडव उठतो, पेल्यावर पेला आपटतो. त्या गाण्यात आपलेपणा जितका, तितकाच मालकाच्या गल्ल्याचा हिशेबही आहे, हे चाणाक्ष माणसाच्या ध्यानात येते. पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, असा शिष्टाचार आहे. बाकावर उभे राहून गायलेले चालते. टेबलावर चढले की मांडवातले रक्षक दाराचा रस्ता दाखवतात.

पेला, ज्याला तिथे ‘मास’ म्हणतात, एक लिटरचा असतो. जाड काचेच्या पेल्याचे आणि आतल्या बिअरचे मिळून वजन सव्वादोन किलोंच्या आसपास भरते. वाढपिणी असे दहा-दहा पेले एका खेपेत आणतात. तेव्हा त्यांच्या वाटेतून दूर होणे हा सौजन्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न असतो. पैसे पेला हाती येताच द्यायचे. वर दहा टक्क्यांच्या आसपास बक्षिसी दिली की पुढच्या वेळी ती बाई त्या टेबलाकडे आधी वळते. २०२५ साली एका पेल्याची किंमत साडेचौदा ते पावणेसोळा युरो होती. विद्यार्थ्याला ती झोंबणारीच. मैदानावर फक्त म्यूनिकच्याच सहा कारखान्यांची बिअर विकता येते आणि एका मांडवात एकाच कारखान्याची मिळते. आउगुस्टिनर या जुन्या कारखान्याच्या मांडवात ती अजून लाकडी पिंपांतून देतात. जाणकार तिकडे वळतात.

आणि हीच ती जागा, जिथे मराठी माणसाची गाठ त्याच्या स्वतःच्याच संस्काराशी पडते. तो संस्कार आग्रहाचा. पंगतीत पाहुण्याने नको म्हटले तरी पानात जिलबी पडलीच पाहिजे, आणि पाहुण्याने दोनदा नकार देऊन तिसऱ्यांदा हात बाजूला घेतला पाहिजे, ही रीत ज्याच्या अंगी मुरली आहे, तो मित्रांनाही तसेच वाढतो. ‘माझ्याकडून एक’, ‘आता एवढ्या लांबून आलास तर’, ‘एकाने काय होते?’ प्रेमाने म्हटलेल्या या वाक्यांनी ऑक्टोबरफेस्टमध्ये जितके घात होतात, तितके बिअरनेही होत नसतील. हिशेब करून पाहावा. या उत्सवासाठी मुद्दाम काढलेल्या बिअरमध्ये मद्यार्क सुमारे सहा टक्के असतो. म्हणजे एका पेल्यात शुद्ध मद्यार्क साधारण साठ मिलिलिटर. भारतात व्हिस्कीचे जे तीस मिलिलिटरचे माप असते, तशी साडेचार ते पाच मापे एका पेल्यात बसतात. दोन पेले म्हणजे नऊ-दहा मापे. चव गोडसर, फेस गार, गाणे चालू. म्हणून ते कळत नाही. ज्याने घरी कधी घोटही घेतलेला नाही, अशा बावीस वर्षांच्या मुलाला ‘अजून एक’ म्हणून दुसरा पेला धरवणारा मित्र आपण काय करत आहोत हे जाणत नसतो.

यात भूगोलाचाही भाग आहे. महाराष्ट्रात मद्यपानाला कायद्याने आजही परवाना लागतो. दारूबंदीचा तो कायदा मुंबई राज्यात १९४९ साली झाला. जर्मनीत सोळा वर्षांच्या मुलाला बिअर विकत घेता येते, आणि बव्हेरियात बिअरला द्रवरूप भाकरीच समजतात. १५१६ साली तिथल्या ड्यूकांनी सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये असा हुकूम काढला होता. ज्या समाजात आजोबा नातवादेखत तीन तास एका पेल्याला पुरवतो, तिथे पिण्याचा वेग लहानपणापासून डोळ्यांखाली घातलेला असतो. तो वेग परक्या पाहुण्याला एका दुपारी येत नाही. म्हणून जाणाऱ्या मंडळींनी वेग आधी, रिकाम्या पोटी नव्हे तर शुद्धीवर असताना, घरीच ठरवावा. दोघांनी मिळून एक पेला घेण्यात कमीपणा नाही. ज्याला घ्यायचीच नाही, त्याच्यासाठी मद्यार्कविरहित बिअर आणि लिंबाची सरबते मिळतात. ती लिटरच्याच पेल्यात येतात, तेव्हा टेबलावर तो वेगळा पडत नाही. मित्राने पेल्यावर हात ठेवला की विषय संपला. पंगतीचा दुसरा-तिसरा आग्रह इथे करू नये.

खाणे मात्र आधी आणि भरपूर असावे. भट्टीवर फिरवून भाजलेली अर्धी कोंबडी हा तिथला मुख्य पदार्थ. एका मांडवात अख्खे बैल शेगडीवर भाजतात. ज्यांना ते पाहणे सोसणार नाही, त्यांनी तो मांडव टाळावा. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. हातभर व्यासाची खारी वळणदार ब्रेत्सेल, लोणी आणि तिखट घालून मळलेले ‘ओबाट्स्डा’ चीज, चीजमध्ये घोळलेल्या शेवया यांवर दुपार निभते. दर पेल्यामागे पेलाभर पाणीही घ्यावे.

मैदानावर माणसे हरवतात. सायंकाळी फोन लागत नाहीत, संदेश तासाने पोहोचतात. म्हणून भेटण्याची जागा आणि वेळ सकाळीच ठरवलेली असावी. कुरणाच्या कडेला बव्हेरियाचा ब्राँझचा स्त्रीपुतळा आहे, साडेअठरा मीटर उंच, १८५० साली उभारलेला; त्याच्या पोटातून जिन्याने डोक्यापर्यंत जाता येते. सगळे तिथेच भेटायचे ठरवतात आणि म्हणूनच तिथे कोणी कोणाला सापडत नाही. मैदानाजवळच्या संत पॉल चर्चचे उंच शिखर सर्वत्र दिसते. त्याच्या पायथ्याशी भेटावे. चौघांपैकी एकाने त्या दिवशी न पिण्याचे किंवा अगदी थोडे पिण्याचे मान्य केलेले असावे, आणि कोणीही एकट्याने परत जाऊ नये. मांडवांमागच्या उतारावर दर सायंकाळी काही तरुण पालथे पडलेले असतात. त्यांना म्यूनिककर ‘बिअरची प्रेते’ म्हणतात आणि हसतात. पण थंड रात्री गवतावर एकटा पडलेला, ओकारीने श्वास कोंडलेला मुलगा हा हसण्याचा विषय नव्हे. मित्र बोलेनासा झाला, हाक मारून उठेना, तर त्याला झोपू देऊ नये. कुशीवर वळवावे आणि मैदानावरच्या प्रथमोपचार केंद्राला कळवावे. बरोबरच्या मैत्रिणींना कोणी त्रास दिला, किंवा त्या मंडळींपासून तुटल्या, तर स्त्रियांसाठी मुद्दाम चालवलेले मदतकेंद्र तिथे २००३ पासून आहे. त्याची जागा आत शिरतानाच पाहून ठेवावी.

प्रवेशद्वारावर झडती होते. मोठ्या पिशव्या, काचेच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत. कुरकुर करणाऱ्याने प्रवेशद्वाराजवळचे स्मारक पाहावे. २६ सप्टेंबर १९८० च्या रात्री तिथे बाँबस्फोट झाला. तो ठेवणाऱ्यासह तेरा माणसे मेली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली. जत्रेतून घरी निघालेल्या लोकांची ती गर्दी होती. आठवण म्हणून पेला पिशवीत घालून नेण्याचा मोहही टाळावा. रक्षक एकेका वर्षी एक लाखाच्या आसपास पेले दारातच परत घेतात, आणि तो गमतीचा नव्हे, चोरीचा प्रकार समजला जातो. हवा असेल तर विकत मिळतो.

ज्यांना मांडवातला गोंगाट सोसत नाही, किंवा ज्यांच्याबरोबर आईवडील आहेत, त्यांनी पहिल्या रविवारी सकाळी शहरातली पारंपरिक वेशांची मिरवणूक पाहावी. तिची परंपरा १८३५ सालची, लुडविग आणि टेरेझे यांच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवाची. नऊ हजारांच्या आसपास माणसे सात किलोमीटर चालतात; घोडे, बैलगाड्या, डोंगराळ खेड्यांतले वाजंत्री. मग दुपारी ‘ओयडे वीझन’ या जुन्या वळणाच्या भागात जावे. तिथे नाममात्र तिकीट असते, जुने लाकडी पाळणे असतात, बाकी मैदानाच्या मानाने शांतता असते. मुलांना न्यायचे तर मंगळवार बरा. त्या दिवशी पाळण्यांचे दर उतरवलेले असतात. इतर मांडवांतही सायंकाळी सहापर्यंत वाद्ये हळू वाजवण्याचे बंधन २००५ पासून आहे, म्हणून दुपार ही सर्वांत चांगली. कपड्यांबाबत फार काळजी नको. चामड्याची चड्डी किंवा डिर्न्डल घातलीच पाहिजे असे नाही. स्थानकाजवळच्या दुकानातला स्वस्त नकली पोशाख घालण्यापेक्षा स्वच्छ सदरा शोभून दिसतो.

या गर्दीत पडायचेच नसेल, तर त्याच सुमारास श्टुटगार्ट शहरात कानश्टाटची जत्रा भरते. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर, म्हणून तिचा उल्लेख केला पाहिजे. आणि तिची जन्मकथाही म्यूनिकच्या लग्नापेक्षा खोल आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. राखेने सूर्य झाकोळला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिके बुडाली, दुष्काळ पडला. त्याच वर्षी वुर्टेम्बर्गच्या गादीवर आलेला राजा विल्हेल्म आणि राणी काटारीना यांनी शेती सावरण्यासाठी बक्षिसांची योजना केली, गुरांचे प्रदर्शन भरवले, आणि २८ सप्टेंबर १८१८ रोजी नेकार नदीकाठी पहिली जत्रा झाली. त्या मैदानावर आजही फळाधान्यांनी मढवलेला एक उंच स्तंभ उभा करतात. बिअर तिथेही वाहते, मांडव तिथेही भरतात; पण जागा तुलनेने सहज मिळते.

रात्री साडेदहाच्या सुमारास म्यूनिकच्या मांडवांत शेवटचा पेला भरतात, मग दिवे वाढवतात आणि सगळे मैदान एकदम रस्त्यावर येते. टेरेझिएनवीझे या भुयारी स्थानकाच्या जिन्यावर तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते; मुख्य स्थानकापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालत जावे, किंवा गोएटेप्लाट्सचे स्थानक गाठावे. रस्त्याकडेला भाड्याच्या विजेच्या स्कूटर उभ्या असतात. त्यांना हात लावू नये. जर्मन कायद्याला ती मोटारच वाटते, मद्य पिऊन ती चालवणाऱ्यांना पोलीस दर रात्री पकडतात आणि मोटारीचा परवाना तिथेच जातो. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीपुढे माणसे येतात. आत किल्ल्या असतात, चष्मे, फोन, पासपोर्ट, लग्नाच्या अंगठ्या, कधी दातांची कवळीसुद्धा. खिडकीतला कारकून वस्तूचे वर्णन विचारतो, वही उलटतो आणि पुढच्या माणसाला हाक मारतो.